साध्या फ्लायच्या बाजूने

प्रस्तावना

सी-ट्राउट हा मासा भारताच्या एकाही नदीत चढत नाही. तरीही त्याच्यासाठी फ्लाय कशी बांधावी हे मराठीत सांगणारी पुस्तिका लिहावीशी वाटली, याला कारणे आहेत. युरोपात या माशासाठी पिढ्यान्‌पिढ्या ज्या फ्लाय बांधल्या गेल्या, त्यांत आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याचे आणि आपल्या मोराचे पीस आहे. सी-ट्राउटचा सख्खा भाऊ असलेला ब्राउन ट्राउट काश्मीर आणि हिमाचलच्या नद्यांत शंभराहून अधिक वर्षे नांदतो आहे. शिवाय शिक्षण-नोकरीसाठी वेल्स, स्कॉटलंड, डेन्मार्क, स्वीडनमध्ये गेलेल्या मराठी मंडळींच्या घराजवळून सी-ट्राउटच्या नद्या वाहतात. कोकणात आजोबांबरोबर खाडीवर गरवायला बसलेल्या माणसाला त्या काठावर उभे राहिल्यावर हात शिवशिवणारच. त्याच्या हाती त्याच्या भाषेतले काहीतरी असावे, ही या लेखनामागची पहिली इच्छा.

दुसरी इच्छा अधिक आग्रहाची आहे. ज्या देशातल्या पक्ष्यांनी या छंदाच्या शोभेची किंमत मोजली, त्या देशातल्या माणसाने हा छंद शिकताना साध्या फ्लायपासून सुरुवात करावी आणि शक्यतो साध्या फ्लायपाशीच राहावे. साधी फ्लाय म्हणजे नवशिक्याची तडजोड, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. सी-ट्राउटचे वागणे नीट समजून घेतले की साधेपणाच योग्य का, हे आपोआप कळते. म्हणून आधी माशाकडे पाहू.

सी-ट्राउट आणि ब्राउन ट्राउट ही एकच जात, सॅल्मो ट्रुटा. एकाच नदीत, एकाच खडीत घातलेल्या अंड्यांतून पिल्ले निघतात. त्यांतली काही जन्मभर नदीतच राहतात, अंगावर तपकिरी-पिवळी झाक आणि लाल-काळे ठिपके घेऊन. काही मात्र दोन-तीन वर्षांची झाली की वसंतात चंदेरी होतात आणि समुद्राची वाट धरतात. समुद्रात खाणे मुबलक, त्यामुळे ती झपाट्याने वाढतात. कुणी त्याच उन्हाळ्यात परततो, कुणी एक-दोन वर्षांनी. समुद्राकडे जाणाऱ्यांत माद्यांचे प्रमाण जास्त असते, कारण मोठ्या अंगाची मादी जास्त अंडी घालते. अटलांटिक सॅल्मन बहुतेक वेळा एकदा अंडी घालून संपतो. सी-ट्राउट मात्र अनेकदा जगून समुद्रात परततो आणि पुन्हा पुन्हा नदीत येतो. त्यामुळे नदीतली मोठी, जुनी मादी म्हणजे पुढच्या कित्येक हंगामांची बेगमी असते.

नदीत शिरलेला सी-ट्राउट फारसे खात नाही. दिवसा तो डोहाच्या तळाशी, झाडाच्या सावलीत, मुळ्यांच्या आडोशाला निश्चल पडून असतो. काठावर पाऊल वाजले तरी बिथरतो. अंधार पडला की तोच मासा हलू लागतो, डोहाच्या उथळ शेपटाकडे सरकतो, पाण्यावर उसळी मारतो. म्हणून वेल्समधल्या टायवी, टायफी, डवी या नद्यांवर जून ते सप्टेंबर हा मासा रात्री गरवला जातो. भुकेला नसताना तो फ्लाय का पकडतो? समुद्रातल्या खाण्याची सवय, चीड, कुतूहल, अशी वेगवेगळी उत्तरे दिली जातात. गरवणाऱ्याच्या उपयोगाची गोष्ट एवढीच, की काळोखात त्या माशाला बारीक नक्षी दिसत नाही. त्याला वरच्या उजेडाच्या पार्श्वभूमीवर एक आकृती दिसते, तिची हालचाल जाणवते आणि फार तर चांदीची एखादी लकाकी डोळ्यांत भरते. ही तीन कामे करणारी फ्लाय पुरेशी आहे.

फ्लाय म्हणजे गळावर दोरा, लोकर, जर आणि पीस गुंडाळून केलेले आमिष. पिठाच्या गोळीला वास असतो, गांडुळाला चव असते. फ्लायपाशी यांपैकी काहीच नाही. आपल्याकडे माशांना खाऊ घालून गळाला लावण्याची जुनी विद्या आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३०च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांचे खाणे, दोरी आणि गळ यांची माहिती त्यात आहे. फ्लायची लिखित नोंद याहून जुनी आहे, पण ती दुसऱ्या मुलखातली. रोमन काळातल्या एलियन या लेखकाने, इ.स. २००च्या आसपास, मॅसिडोनियातल्या एका नदीवर लोक ठिपकेदार मासे कसे पकडतात हे लिहून ठेवले आहे: गळाभोवती लाल लोकर गुंडाळायची आणि तिच्यावर कोंबड्याची दोन मेणाच्या रंगाची पिसे बांधायची. लोकर, दोन पिसे, गळ. नोंद झालेली पहिली फ्लाय इतकी साधी होती आणि ती मासे देत होती.

मग तिच्यावर दागिने कधी चढले? एकोणिसाव्या शतकात, ब्रिटिश साम्राज्याचे व्यापारी मार्ग जगभर पसरले तेव्हा. दूरदूरच्या पक्ष्यांची कातडी लंडनच्या बाजारात लिलावाने विकली जाऊ लागली. स्त्रियांच्या हॅटवर पिसे चढली, तशीच ती गळावरही चढली. जॉर्ज केल्सनचे ‘द सॅल्मन फ्लाय’ हे पुस्तक १८९५ साली निघाले. त्यात शेकडो फ्लायचे पाठ आहेत आणि एकेका फ्लायला टूकन, मकाव, मोर, सोनेरी फेझंट, रानकोंबडा अशा डझनभर पक्ष्यांची पिसे सांगितली आहेत. ‘इंडियन क्रो’ नावाचे एक नारिंगी-लाल पीस त्या पाठांत वारंवार भेटते. तो पक्षी दक्षिण अमेरिकेचा आहे. सी-ट्राउटसाठी बराच काळ याच भपकेबाज सॅल्मन-फ्लायच्या लहान आवृत्त्या वापरल्या जात. ‘अलेक्झांड्रा’ या फ्लायचा पंख मोराच्या हिरव्या पिसांचा. ‘डंकेल्ड’च्या दोन्ही गालांवर रानकोंबड्याचे डोळे.

या रानकोंबड्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण तो आपला आहे. राखी रानकोंबडा, गॅलस सोनेराटी, भारतीय द्वीपकल्पाबाहेर रानात कुठेच आढळत नाही. भीमाशंकर, महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या पट्ट्यात पहाटे त्याची तुटक, कर्कश बांग ऐकली नाही असा भटक्या विरळाच. नराच्या मानेवरच्या प्रत्येक पिसाचा दांडा टोकाशी पसरट होतो आणि त्याचा मेण ओतल्यासारखा पिवळसर, चकचकीत ठिपका बनतो. पाण्यात भिजले तरी त्याची चमक जात नाही. गळाच्या दोन बाजूंना असे एकेक पीस बांधले की लहान माशाच्या डोळ्याचा भास होतो. याच गुणामुळे तो पक्षी मारला गेला. एका मानेच्या कातड्यातून बऱ्याच फ्लाय सजतात, पण त्या कातड्यासाठी एक पूर्ण नर जातो, तोही ऐन विणीच्या बहरातला. कारण वीण सरली की ही ठिपकेदार पिसे गळून त्या जागी काळपट पिसे येतात.

रानपक्ष्यांची कातडी आणि पिसे देशाबाहेर पाठवण्यावर भारत सरकारने १९०२ साली बंदी घातली. तरी चोरटा व्यापार चालूच राहिला. १९६३ साली मोर राष्ट्रीय पक्षी झाला. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर रानकोंबड्याची शिकार आणि त्याच्या पिसांचा व्यापार हा उघड गुन्हा ठरला. आज ब्रिटनमध्ये या जातीचे पक्षी पाळून त्यांची पिसे कायदेशीरपणे विकली जातात, हे खरे. पण पिसांचा हव्यास संपलेला नाही. जून २००९मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग येथील निसर्गेतिहास संग्रहालयातून एका तरुण संगीत-विद्यार्थ्याने २९९ पक्ष्यांची कातडी चोरली. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसने दीडशे वर्षांपूर्वी जंगले तुडवून जमवलेले पक्षीही त्यांत होते. चोरीचा माल जुन्या पाठांबरहुकूम फ्लाय बांधणाऱ्या शौकिनांना विकला गेला. त्या फ्लाय पाण्यात टाकण्यासाठी नव्हत्याच; त्या काचेखाली ठेवायच्या होत्या. मासा केव्हाच त्या व्यवहारातून बाजूला पडला होता.

माशाला केंद्रस्थानी परत आणणारेही इंग्लंडातच होते. पेनेल या एकोणिसाव्या शतकातल्या लेखकाच्या नावाने ओळखली जाणारी ‘ब्लॅक पेनेल’ अजून सी-ट्राउटच्या पेट्यांत असते: काळे सडपातळ अंग, त्यावर चांदीच्या तारेचे वेढे, पुढे काळे हॅकल (गळाभोवती गुंडाळलेले कोंबड्याच्या मानेचे पीस) आणि शेपटाला दोन-चार नारिंगी तंतू. ह्यू फॉल्कस याने १९६२ साली ‘सी ट्राउट फिशिंग’ हे पुस्तक लिहिले. कंब्रियातल्या एस्क नदीकाठी राहून, रात्रीमागून रात्री मासा पाहून त्याने जे सांगितले त्याचा रोख असा, की फ्लाय सडसडीत हवी, तिच्यावर पिसे कमी हवीत. त्याच्या ‘मेडिसिन’ या फ्लायचे अंग म्हणजे गळाच्या दांड्यावर दिलेला चंदेरी रंग. वर निळे हॅकल आणि रानबदकाच्या करड्या पिसाचा पंख. बस. पिसांचा गठ्ठा पाण्यात फुगून बसतो, बुडत नाही, प्रवाहात हलत नाही. विरळ फ्लाय चटकन बुडते आणि धारेत जिवंत वाटते. साधेपणाच्या बाजूचे हे सरळ यांत्रिक कारण.

आता साहित्याचे. मी राहतो पानिपतला, शहराबाहेर काला अंबच्या बाजूला. १४ जानेवारी १७६१ची लढाई जिथे झाली, तिथे आता बाग आणि विटांचा स्मृतिस्तंभ आहे. दरवर्षी त्या दिवशी महाराष्ट्रातून माणसे येतात, माती कपाळाला लावतात. या भूमीशी मराठी माणसाचे नाते एका पराभवाचे आहे आणि ते तसेच गंभीरपणे जपले पाहिजे. पण इथे राहणाऱ्याला ही भूमी रोजच्या कामाचीही वाटू लागते, आणि माझ्या कामाला लागणारे जवळजवळ सगळे मला इथेच मिळाले. पानिपत हे जुन्या लोकरीचे मोठे केंद्र आहे. थंड देशांत टाकून दिलेले स्वेटर, कोट, शाली गठ्ठ्यांनी इथे येतात. रंगांप्रमाणे निवडले जातात, फाडून पुन्हा तंतू केले जातात आणि त्यांतून सूत व ब्लँकेट निघतात. त्या ढिगांतली चिमूटभर काळी किंवा लाल लोकर एका हंगामाच्या फ्लायना पुरते. एलियनच्या मॅसिडोनियन कोळ्यांनाही याहून वेगळे काही लागले नव्हते.

जर हवी असेल तर दिल्लीच्या चांदणी चौकातली किनारी बाजारची गल्ली गाठावी. जरीकामात चपट्या तारेला बादला म्हणतात आणि दोऱ्यावर गुंडाळलेल्या तारेला कलाबतू. परदेशी पुस्तकांत फ्लायच्या अंगासाठी चपटी चंदेरी पट्टी आणि वेढ्यांसाठी गोल तार सांगितलेली असते. त्या जागी हे दोन्ही नेमके बसतात. महाराष्ट्रात येवल्याला पैठणीच्या विणकरांकडे किंवा सुरती जर विकणाऱ्यांकडे हेच मिळेल. प्लास्टिकची जर काळी पडत नाही, खरी पडते. पण खरी जर दोन बोटांत धरून ताणली तर तुटायच्या आधी इशारा देते, म्हणून शिकायला ती बरी.

हॅकलसाठी पाळलेला कोंबडा पुरे. १९७०च्या दशकात अमेरिकेत खास पिसांसाठी कोंबड्यांच्या जाती पैदा झाल्या. त्याआधी जगभरचे फ्लाय बांधणारे भारत आणि चीनमधून येणाऱ्या गावठी कोंबड्यांच्या मानांवरच अवलंबून होते. ती मान आजही कोंबडीवाल्याच्या दुकानात कचऱ्यात जाते. मागून घ्यावी, चरबी खरवडावी, आतून बोरॅक्स चोळून सावलीत वाळवावी आणि डांबराच्या गोळ्यांसोबत डब्यात ठेवावी. पंखासाठी पाळीव बदकाचे कुशीतले करडे, रेघारेघांचे पीस चालते. टील हे रानबदक हिवाळ्यात आपल्याकडे पाहुणे येते, पण त्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्याच्या पिसाचा मोह धरू नये. मोराचे आपोआप गळलेले पीस देशात बाळगायला हरकत नाही आणि हरियाणाच्या शेतांत ते सहज सापडते. मात्र ते देशाबाहेर नेणे बेकायदा आहे. परदेशी निघालेल्या वाचकाने सामानात एकही मोरपीस ठेवू नये.

या पुस्तिकेत सहा फ्लाय आहेत. ब्लॅक पेनेल. बादल्याच्या अंगाची, निळ्या हॅकलची ‘टील ब्लू अँड सिल्व्हर’, बदकाच्या पिसाने. बोकडाच्या काळ्या केसांचा पंख असलेली, गडद रात्रीसाठी. तीच चंदेरी अंगाची, चांदण्यासाठी. मोरपिसाच्या तंतूंच्या अंगाची, तपकिरी हॅकलची, जी हिमाचलच्या ब्राउन ट्राउटलाही दिवसाउजेडी चालते. आणि शेवटची, बुचाच्या तुकड्याची तरंगणारी, जी पाण्याच्या पृष्ठभागावर रेघ ओढत येते. प्रत्येक फ्लायला चारांहून अधिक जिन्नस लागणार नाहीत, असा नेम पाळला आहे.

बांधणीची रीत सर्वांना एकच आहे, म्हणून ती इथेच थोडक्यात सांगतो. गळ व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या छोट्या शिकंज्यात, पक्का धरावा. सुरुवातीला ८ नंबरचा गळ घ्यावा (नंबर वाढेल तसा गळ लहान होत जातो). मेण लावलेला दोरा गळाच्या डोळ्यापासून (दोरी ओवायच्या छिद्रापासून) मागे, वळणापर्यंत, एकाला एक वेढा लागून न्यावा. हा पाया घट्ट नसेल तर वरचे सगळे फिरते. शेपूट गळाच्या तोंडाच्या रुंदीइतके. मग कलाबतूचे टोक बांधून ठेवायचे, अंगाची लोकर किंवा बादला पुढे न्यायचा आणि कलाबतूचे चार-पाच समान अंतराचे वेढे उलट्या दिशेने घ्यायचे. उलटे का, तर माशाचे दात लागले तरी अंग उकलू नये. हॅकलचे दोन-तीनच वेढे, तंतू मागे झुकलेले. पंख गळाच्या वळणापेक्षा किंचित लांब. डोळ्यामागे नखभर जागा मोकळी ठेवलीच पाहिजे, कारण डोके तिथे बांधायचे असते. नवशिक्याची फ्लाय बहुधा याच ठिकाणी बिघडते. शेवटी दोऱ्याची गाठ आणि त्यावर रंगहीन नेलपॉलिशचे दोन हात. दोऱ्याचा ताण तुटण्याच्या अगदी अलीकडे असावा, आणि तो ताण बोटांना कळायला वाचन उपयोगाचे नाही, बांधणेच उपयोगाचे.

हिमाचलमध्ये प्रयोग करू पाहणाऱ्यांसाठी: ब्राउन ट्राउट तिथे मूळचा नाही. स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून १९०० साली काश्मीरमध्ये त्याची पिल्ले प्रथम यशस्वीपणे वाढली. आधीची खेप फुकट गेली होती. पुढे तो कुलूच्या खोऱ्यात आला. तीर्थन, उहल, पब्बर या नद्यांत आज तो आहे. मत्स्यविभागाचा परवाना लागतो आणि १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर, म्हणजे विणीच्या काळात, ट्राउट धरायला बंदी असते. समुद्र इतका दूर, की तो इथे सी-ट्राउट होऊ शकत नाही. पण फ्लाय पाण्यात कशी चालते, दोरी कशी सरळ पडते, हे शिकायला पानिपतहून एका रात्रीच्या प्रवासावरच्या या नद्या उत्तम शाळा आहेत.

आणखी एक विनंती. सी-ट्राउट आज अडचणीत आहे. १९८९च्या सुमारास आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर तो एकाएकी घटला. समुद्रातल्या सॅल्मन-शेतांतून पसरणाऱ्या उवा हे त्याचे मोठे कारण मानले जाते. बांध, मैला आणि तापणारे पाणी यांची भर आहेच. म्हणून या पुस्तिकेतल्या प्रत्येक फ्लायसाठी गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायला सांगितले आहे. काटा नसलेला गळ माशाच्या तोंडातून पाण्यातल्या पाण्यात निघतो आणि मासा न हाताळता सोडता येतो. मोठी मादी तर सोडलीच पाहिजे. फ्लायसाठी रानपक्षी न मारण्याचा आग्रह धरायचा आणि मासा मात्र हिशेबाविना मारायचा, हे एका हातात बसत नाही.

साधी फ्लाय बांधणारा माणूस न सुटणाऱ्या एका प्रश्नापाशी येतो: मी हे माशासाठी करतो आहे की पाहणाऱ्यासाठी? जो हा प्रश्न दर फ्लायला विचारील, त्याची बोटे आपोआप हलकी होतील, जिन्नस कमी होतील आणि काम सुबक होईल. वाचकांनी सहाही फ्लायच्या मागे एकदम लागू नये. ब्लॅक पेनेल घ्यावी, तीच पुन्हा पुन्हा बांधावी आणि दहा फ्लाय एका ओळीत ठेवल्यावर दहाही सारख्या दिसेपर्यंत पुढचे पान उलटू नये. त्यानंतरच्या पाच फ्लाय याच हातांना सोप्या जातील.

काला अंब, पानिपत